जुन्या जीपचे पुढचे ब्रेक

बेळगावहून समुद्राकडे जावयाचे तर घाट उतरल्यावाचून गत्यंतर नाही. जांबोटी-कणकुंबीवरून गोव्यात उतरणारा चोर्ल्याचा घाट, लोंढ्याकडून मोलेला नेणारा अनमोडचा घाट, सावंतवाडीच्या वाटेवरील आंबोलीचा घाट आणि चंदगडकडून दोडामार्गाला जाणारा उभ्या चढणीचा तिलारी घाट, हे चारही आमच्या भागातील कुटुंबांच्या अंगवळणी पडलेले आहेत. उत्तरेस कोल्हापूरकडे निघावे तर निपाणीजवळचा तवंदी घाट वाटेत उभाच. कुलदेवतेची यात्रा असो, लग्नाचे वऱ्हाड असो, की चतुर्थीला कोकणातील मूळ घरी जाणे असो, जाताना किंवा येताना कोठे ना कोठे गाडी उतारावर धरून ठेवण्याचा प्रसंग येतोच.

या वाटांवर कित्येक वर्षे माणसे, धान्याची पोती आणि देवाच्या पालख्यासुद्धा ज्या वाहनाने वाहिल्या, ते वाहन म्हणजे जीप. एस.टी. न पोहोचणाऱ्या खेड्यांना वडापाच्या जीपनेच बाजाराशी आणि दवाखान्याशी जोडले. आता नव्या गाड्या आल्या, वडापाचे स्वरूपही बदलले. तथापि सीमाभागातील अनेक शेतकरी घरांत आजोबांच्या वेळची जीप अद्याप गोठ्याशेजारच्या छपरात उभी असते, आणि घरातील तरुण पिढी ती मोडीत न घालता पुन्हा रस्त्यावर आणू पाहते. अशा वेळी पहिला प्रश्न निघतो तो ब्रेकचा. “पुढे डिस्क बसवून घेऊ या,” असे मुलगा म्हणतो. “इतकी वर्षे ड्रमवर चालली, आता काय बिघडले?” असे वडील म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ते कोणते, हे नीट उलगडून पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

आमचा विषय मराठी. परंतु अनगोळात, उद्यमबागेच्या शेजारी, आयुष्य काढणाऱ्यास लोखंडाची भाषाही थोडीफार कळू लागते. बेळगाव हे ओतकामाचे गाव. येथील भट्ट्यांतून मोटारींचे ओतीव भाग तयार होऊन दूरदूर जातात, आणि लेथवर काम करणारा एखादा पालक आमच्या शाळेत नाही असे वर्ष सहसा जात नाही. त्यांच्याशी होणाऱ्या बोलण्यातून जे कळले आणि पुस्तकांतून जे पडताळून पाहता आले, तेच येथे मांडीत आहोत.

घाटातली उष्णता

ब्रेक गाडी थांबवितो म्हणजे नेमके काय करतो? तो गतीचे उष्णतेत रूपांतर करतो. गाडी वेगात असताना तिच्या अंगी जी ऊर्जा असते ती कोठे नाहीशी होत नाही. ती ब्रेकच्या घर्षणाने लोखंडात उतरते आणि तेथून हवेत जाते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, म्हणून ताशी ८० किलोमीटरवरून थांबताना ब्रेकला ४० वरून थांबण्याच्या चौपट काम पडते.

घाटात वेगाबरोबर उंचीचाही हिशोब येतो. माणसे आणि सामान धरून २,००० किलो वजनाची जीप ६०० मीटर खाली उतरली असे समजू. त्या उतरण्यात सुमारे १ कोटी १८ लाख ज्यूल एवढी ऊर्जा मोकळी होते. तीस अंशांवरील ४० लिटर पाणी उकळीस आणावयास जेवढी उष्णता लागते, तेवढी ही होय. वारा, टायर आणि गिअरमध्ये धरलेले इंजिन यांपैकी काही भार उचलतात. उरलेला सारा ब्रेकच्या माथी. न्हाणीघरातील बंबाइतके पाणी उकळविणारी ही उष्णता चार चाकांतील लोखंडाने पचवावयाची असते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे घाटाच्या पायथ्याशी थांबलेल्या जीपच्या चाकांतून येणाऱ्या करपट वासाचा अर्थ कळतो.

पुढच्याच चाकांचा विचार का

गाडी जोराने थांबताना आत बसलेली माणसे पुढे झुकतात, तशीच गाडीही पुढे झुकते. आखूड लांबीच्या आणि उंच बांध्याच्या जीपमध्ये हे झुकणे विशेष. उभी असताना पुढील व मागील चाकांवर निम्मानिम्मा भार असला, तरी जोराच्या ब्रेकात जवळजवळ दोन तृतीयांश भार पुढील चाकांवर येतो. ज्या चाकावर भार अधिक, त्याची रस्त्यावरील पकडही अधिक. म्हणून थांबविण्याचे मोठे काम पुढच्या चाकांनीच करावयाचे असते. घाट उतरताना तर नाक खाली असल्यामुळे त्यात आणखी भर पडते. सुधारणा करावयाचीच तर ती प्रथम पुढे करावी, असे जाणकार सांगतात ते याच कारणाने.

ड्रम आणि डिस्क

दुसऱ्या महायुद्धात विलीज जीप आली तेव्हा तिच्या चारही चाकांना नऊ इंची ड्रम होते. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने त्याच घराण्याची जीप भारतात बांधावयास घेतली. तिचे इंजिन बदलले, डिझेल आले, पुढे एमएम ५४० सारखी नमुनेदार गाडी आली, पण ड्रमची चौकडी कायम राहिली. २००० साली आलेल्या बोलेरोला मात्र पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी जोडी होती, आणि आता तीच रचना सर्वसामान्य झाली आहे.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी डबे. त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू असतात. पायाने दाब दिला की ते फाकून ड्रमला आतून घासतात. यांत एक गुण असा की, फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच ओढून घेतो, त्यामुळे थोड्या दाबात पुष्कळ पकड मिळते. बूस्टर नसलेल्या जुन्या जीपमध्ये साध्या पायाच्या जोरावर काम भागत असे ते या गुणामुळेच. दोष असा की, सारी उष्णता डब्यात कोंडते. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, लायनरची पकड घटते, पेडल खाली खाली जाऊ लागते आणि चालकाच्या पायाला ब्रेक ‘पोकळ’ लागतो. शिवाय आंबोली-कणकुंबीच्या पावसात ओढा ओलांडल्यावर ड्रममध्ये शिरलेले पाणी लवकर निघत नाही, आणि पुढची दोन-चार वळणे ब्रेक हवे तसे लागत नाहीत.

डिस्कची रचना उलट. चाकाबरोबर फिरणारी एक उघडी लोखंडी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरणारा कॅलिपर. सायकलच्या रिमला रबरी गुट्टे दोहों बाजूंनी धरतात, तसाच हा प्रकार. तबकडी उघड्या वाऱ्यात असल्याने लवकर निवते, पाणी झटकून टाकते, आणि तापून जाड झाली तरी पॅडच्या जवळच येते, दूर जात नाही. कल्पना नवी नव्हे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. परंतु तिची खरी परीक्षा झाली ती १९५३ साली, फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत. डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार गाडीने ती शर्यत जिंकली. तासन् तास पुन्हा पुन्हा ब्रेक लावूनही तिचे ब्रेक थकले नाहीत, हे जगाने पाहिले. १९५५ साली सित्रोएन डी. एस. ही कुटुंबाची मोटार पुढच्या डिस्कसह बाजारात आली, आणि मग हळूहळू डिस्कचा प्रसार झाला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डिस्क बसविली की गाडी निम्म्या अंतरात थांबेल, असे कित्येकांस वाटते. एकदाच जोराने थांबावयाचे असेल, तर चांगल्या स्थितीतील ड्रमही चाके जाम करू शकतो. त्यापुढे थांबणे हे टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर अवलंबून असते, ब्रेकवर नव्हे. डिस्कचा खरा लाभ पहिल्या ब्रेकात दिसत नाही, तो दहाव्या ब्रेकात दिसतो. चोर्ल्याच्या पहिल्या वळणावर दोन्ही गाड्या सारख्याच थांबतील. खालच्या वळणांवर पोहोचेपर्यंत मात्र एकीचे पेडल पहिल्यासारखेच राहील आणि दुसरीचे जमिनीशी सलगी करू लागेल. ज्यांची जीप शेतावर आणि गावातच फिरते, त्यांनी उत्तम ड्रम राखले तरी पुरे. ज्यांना वारंवार घाट उतरावयाचा आहे, त्यांच्या मुलाचे म्हणणे रास्त आहे.

केवळ तबकडी बदलून भागत नाही

आमच्या परिचयातील एका शेतकरी कुटुंबाने आपल्या जुन्या डिझेल जीपला पुढे डिस्क बसविल्या. काम स्वच्छ दिसत होते. परंतु घरी आणल्यावर पेडल दगडासारखे कठीण लागू लागले. दोन्ही पाय दिले तरच गाडी थांबे, आणि घरातील सुनेने ती चालविण्याचे साफ नाकारले. ड्रमपेक्षा डिस्क वाईट, असा निष्कर्ष सर्वांनी काढला. दुसऱ्या एका अनुभवी मिस्त्रीने पाहिले तेव्हा कारण उघड झाले. डिस्क बसली होती, पण बूस्टर नव्हता.

ड्रममधील शू जसा स्वतः ओढला जातो, तसा डिस्कचा पॅड ओढला जात नाही. तेथे सारा जोर बाहेरूनच द्यावा लागतो, आणि तो देण्यासाठी निर्वात बूस्टर लागतो. पेट्रोल इंजिन हवा आत ओढते तेव्हा तिच्या मार्गातील झडपेमुळे निर्वात आपोआप निर्माण होतो. डिझेल इंजिनाच्या हवेच्या मार्गात तशी झडप नसल्याने तेथे निर्वात मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बहुधा तो अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. त्या कुटुंबाच्या जीपला असा पंप असलेला अल्टरनेटर आणि बूस्टर बसविल्यावर तीच डिस्क उत्तम काम देऊ लागली, आणि सूनबाईंनी पुन्हा किल्ली हाती घेतली.

या उदाहरणावरून ध्यानात येईल की, ब्रेक ही एक वस्तू नसून पायापासून रस्त्यापर्यंतची जुळणी आहे. तिच्यातील एक भाग बदलला की शेजारचे भाग तपासावे लागतात. मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी पुढील गोष्टी समजून घ्याव्यात.

मास्टर सिलिंडर. पेडल दाबले की येथून ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे जाते. कॅलिपरमधील पिस्टन व्हील सिलिंडरच्या मानाने मोठे असतात, त्यांना ऑइल अधिक लागते. जुना सिलिंडर ते पुरवू शकला नाही तर पेडल फार खाली जाते. ड्रमसाठी बनविलेल्या कित्येक सिलिंडरांत नळीत थोडा दाब राखून ठेवणारी झडप असते. ती डिस्कच्या बाजूस राहिली तर पॅड तबकडीला चिकटून राहतात आणि चाक चालता चालताच तापते. फार जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून ऑइलचा एकच मार्ग असतो. कोठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. म्हणून पुढील व मागील चाकांचे मार्ग वेगळे ठेवणारा दुहेरी मास्टर सिलिंडर याच वेळी बसवावा. आमच्या मते या साऱ्या खटाटोपातील सर्वांत मोलाचा बदल हाच होय.

पुढचा व मागचा तोल. मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. पुढची फार लवकर जाम झाली तर सुकाणू फिरवूनही गाडी वळत नाही. जुन्या जीपला चाक जाम होऊ न देणारी आधुनिक यंत्रणा नसते, म्हणून हा तोल मिस्त्रीने झडप लावून आणि मोकळ्या मैदानात परीक्षा घेऊन जुळवावा लागतो. मागचे ड्रम, त्यांचे लायनर आणि व्हील सिलिंडर दुरुस्त नसतील तर पुढच्या डिस्कला एकटीने राबावे लागेल.

नळ्या, बेअरिंग आणि चाक. सुकाणू दोन्ही टोकांस पूर्ण वळवून रबरी नळी ताणली जात नाही ना, टायरला घासत नाही ना, हे पाहावे. चाकाची रिम कॅलिपरला लागत नाही याची खात्री करावी. हबचे बेअरिंग ढिले असेल तर तबकडी डुलते आणि पायाला थरथर जाणवते. सुटे भाग नामांकित बनावटीचे आणि एकाच मापाचे, दोन्ही बाजूंस जोडीनेच घ्यावेत. एका बाजूस नवे व दुसऱ्या बाजूस जुने असे केल्यास ब्रेक लावताच गाडी एकीकडे ओढते.

ब्रेक ऑइल. डबीवर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांवर आणि डॉट ४ किमान २३० अंशांवर उकळते. परंतु हे द्रव्य हवेतील ओल शोषून घेते, आणि ओल शिरली की तोच आकडा अनुक्रमे १४० आणि १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात तापलेल्या चाकाजवळ ऑइल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाशी जाऊनही चाकाला जोर पोहोचत नाही. म्हणून आमच्यासारख्या पावसाळी मुलखात दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे इष्ट. इंजिनाचे तेल यात कदापि घालू नये. त्याने रबर फुगून सारे सील निकामी होतात.

तबकडी ज्या करड्या बिडाची ओततात, त्यात ग्राफाइटचे सूक्ष्म पापुद्रे असतात. ते उष्णता लवकर वाहून नेतात आणि कंप शोषतात. म्हणूनच दिसावयास ओबडधोबड असा हा धातू ब्रेकसाठी अजून टिकून आहे. तबकडीच्या कडेवर तिची किमान जाडी उमटविलेली असते. लेथवर घासून ती त्याखाली गेली असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

कायद्याची बाजू

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ काटेकोरपणेच लावला. म्हणून काम करण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात चौकशी करावी, विमा कंपनीस लेखी कळवावे आणि भागांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नव्याने करताना तपासणी होते, तेव्हा हे कागद उपयोगी पडतात. अपघाताच्या दुःखात विम्याच्या वादाची भर पडू नये, एवढाच हेतू.

धूळ आणि फुप्फुसे

जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस वापरीत असत. त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की कित्येक वर्षांनी असाध्य रोग उद्भवू शकतात. जुना ड्रम उघडल्यावर आतील काळी धूळ हवेच्या नळीने उडविण्याची सवय अनेक गॅरेजांत दिसते. ती सोडली पाहिजे. धूळ पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी, नाकातोंडावर चांगला मास्क असावा, आणि मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नये. मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगाही कोणाचा तरी मुलगा असतो.

चालकाचे काम

सगळे भाग नवे बसले तरी एक भाग जुनाच राहतो, तो म्हणजे चालकाची सवय. उतारावर डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करण्याची पद्धत आमच्याकडे फार रूढ होती, आणि अजूनही आढळते. ड्रमच्या जीपलाही ती धोक्याचीच. बूस्टर बसविलेल्या जीपला तर ती प्राणघातक, कारण इंजिन बंद पडले की पंप थांबतो, बूस्टरमध्ये उरलेला निर्वात दोन-तीन दाबांत संपतो, आणि नेमक्या पुढच्या वळणावर पेडल दगड होते. डिस्क बसविलेल्या घराने गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास हे समजावून सांगितलेच पाहिजे.

ज्या गिअरमध्ये चढावे त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम सोन्यासारखा आहे. वेग इंजिनाने धरावा. ब्रेक सतत घासत न ठेवता अधूनमधून नेमका लावावा आणि सोडावा, म्हणजे लोखंडास निवावयास वेळ मिळतो. करपट वास आला किंवा पेडल खाली जाऊ लागले तर सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि चाके आपोआप निवू द्यावीत. तापलेल्या लोखंडावर पाणी ओतू नये, ते तडकते. ब्रेक गेलाच तर पेडल भराभर मारावे, क्रमाने खालचा गिअर घालावा आणि हातब्रेक हळूहळू ओढावा. काही जुन्या जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर असतो. तो एकदम खेचल्यास दांडाच तुटण्याची भीती. दुसरा इलाज उरला नाही तर दरीची बाजू सोडून गाडी डोंगराच्या अंगाला घासावी. पत्रा वाकेल, माणसे वाचतील.

आपले वाचक दूरदूर पसरलेले आहेत. इंदूरकरांना आग्रा-मुंबई रस्त्यावरील बिजासनचा घाट ठाऊक असेल, आणि दक्षिणेतील मंडळींना त्यांचे स्वतःचे घाट. गाव कोणतेही असो, उतार सर्वांना सारखाच ओढतो. चतुर्थीला गावी जावयाचे असेल तर ब्रेकचे काम निघण्याच्या आदल्या आठवड्यात काढू नये, निदान महिनाभर आधी उरकावे. नवे पॅड तबकडीवर नीट बसण्यास काहीशे किलोमीटर सौम्य वापर लागतो, आणि सांध्यातून ऑइल झिरपत असेल तर तेही पहिल्या काही दिवसांतच दिसते. प्रथम सपाट, रिकाम्या रस्त्यावर ताशी २० वर, मग ४० वर थांबून पाहावे. गाडी सरळ थांबते का, चारही चाके सारखीच तापतात का, टाकीतील ऑइलची पातळी कायम आहे का, हे तपासावे. मग प्रथम रिकाम्या गाडीने घाट उतरून पाहावा, आणि त्यानंतरच मुलेबाळे आणि म्हातारी माणसे तिच्यात बसवावीत.